खलनायकाला प्रेक्षक का लागतो?

महाराष्ट्रात कळंब नावाची गावं इतकी आहेत की कुणी ‘मी कळंबचा’ म्हटलं की समोरचा आधी तालुका विचारतो. हे कळंब इंदापूर तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं, उसाच्या रानातलं. शेजारीच वालचंदनगर. वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या तिशीच्या दशकात इथल्या माळावर साखर कारखाना उभा केला, त्याच्या भोवती वसाहत झाली, आणि साखरेची यंत्रं करता करता तिथले हात पुढे रॉकेटपर्यंत पोहोचले. इस्रोच्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातल्या मोटरच्या पोलादी कवचाचे भाग इथे घडतात. श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटलं की दोन मिनिटांच्या आत त्या टप्प्याचं काम संपतं. मग तो गळून समुद्रात पडतो. दूरदर्शनवर धूर दिसतो, टाळ्या वाजवणारे शास्त्रज्ञ दिसतात. ते कवच ज्यांनी महिनोन्महिने घासलं, जोडलं, तपासलं, त्यांचं नाव पडद्यावर येत नाही. त्यांनाही ते यावं असं वाटत असेल का, हा प्रश्न वेगळा.

आता याच्या अगदी उलट यंत्रं पाहू. कॉमिकच्या पानावरचा खलनायक जी यंत्रं बनवतो त्यांतलं एकही गुपचूप चालत नाही. प्रत्येकातून धूर निघतो, दिवे लुकलुकतात, आवाज घुमतो. अंगात अमानवी ताकद नसलेला, केवळ डोक्याच्या आणि उपकरणांच्या जोरावर लढणारा जो खलनायक असतो, त्याला तर हा सोस जास्तच. १९६४ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या तेराव्या अंकात मिस्टेरिओ नावाचा असामी आणला. खरं नाव क्वेंटिन बेक. धंदा सिनेमातल्या करामतींचा. डोक्यावर काचेचा गोळा, खांद्यावर झगा, पायाखाली धुराचा लोट. त्याची सगळी शक्ती म्हणजे बुटांतल्या स्प्रिंगा, रसायनं आणि प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची याचं नेमकं ज्ञान. स्पायडरमॅनच्या वेशात चोऱ्या करून तो त्याला बदनाम करतो आणि मग स्वतःच तारणहार म्हणून पुढे येतो. फसतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. आपण हे सगळं कसं जमवलं, ते स्पायडरमॅनला ऐकवल्याशिवाय त्याला राहवत नाही. तो सविस्तर बढाई मारतो आणि स्पायडरमॅनजवळ छोटा टेपरेकॉर्डर असतो.

एवढा हुशार माणूस, आणि तोंड बंद ठेवता येत नाही. लेखकाची ही सोय आहे असं म्हणून सोडून देता येईल. पण या सोयीत एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. बुद्धीचं पाप नेमकं कुठून सुरू होतं?

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी आहे. सहा गोष्टी. क्रोध तिच्यात आहे, कठोरपणा आहे, अज्ञानही आहे. पण यादीत पहिलं नाव दंभाचं आहे. त्यानंतर दर्प, मग अभिमान, आणि मगच क्रोधाची पाळी. असुर म्हटलं की डोळ्यांपुढे दात, नखं आणि रक्त येतं. गीताकाराच्या डोळ्यांपुढे आधी आला तो दिखावा करणारा माणूस. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना हेच उलट्या बाजूनं येतं. तिथे सुरुवात अमानित्व आणि अदंभित्व या दोन शब्दांनी होते. म्हणजे ज्ञानाच्या दारात पाऊल टाकतानाच मिरवणं बाहेर काढून ठेवायचं. कुणी म्हणेल, यादीतला क्रम काय, छंदाच्या सोयीनं पडला असेल. असेलही. पण ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशात या क्रमावर जे भाष्य केलं ते सोय म्हणून केलेलं नाही.

दंभावर बोलताना ज्ञानेश्वर चटका बसेल असा दाखला देतात. आई हे साक्षात तीर्थ. पण तिलाच कुणी चारचौघांत उघडी करून दाखवली तर तेच तीर्थ अधोगतीला नेतं. गुरूनं दिलेली विद्या चव्हाट्यावर ओरडून सांगितली तर तीही उलटते. म्हणजे वस्तू पवित्रच राहते, दाखवण्यानं ती विषारी होते. आणि तेराव्या अध्यायात अदंभित्व समजावताना ते शेतकऱ्याकडे वळतात. पेरलेल्या बियाण्यावर कुणबी माती ओढून घेतो, तसा ज्ञानी माणूस आपलं दानपुण्य झाकून ठेवतो. कळंबच्या शिवारात हा दाखला कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. उघड्यावर राहिलेलं बी पाखरं टिपतात.

इथे एक अडचण येते. झाकतो तर खलनायकही. मिस्टेरिओ आपल्या बुटातली स्प्रिंग झाकतो, तारा झाकतो, चेहरा झाकतो. मग कुणब्याच्या झाकण्यात आणि त्याच्या झाकण्यात फरक काय? फरक झाकलं काय आणि उघडं ठेवलं काय यात आहे. कुणबी स्वतःला आणि आपल्या कर्तबगारीला मातीआड करतो. पीक मात्र सगळ्यांसमोर उभं राहतं, आणि ते कसं उगवतं हेही गावाला माहीत असतं. दांभिक आपलं यंत्र मातीआड करतो आणि स्वतःला सगळ्यांसमोर उभं करतो. पुढचा सगळा विचार या एका फरकावर तोलून पाहण्यासारखा आहे.

रामायणाच्या युद्धकांडात मिस्टेरिओचा पूर्वज भेटतो. त्याचं नाव विद्युज्जिव्ह. रावणाच्या दरबारातला मायावी. राम सैन्यासह सुवेळ पर्वतापाशी येऊन पोहोचलेला आहे, आणि लढाईच्या आधी रावणाला सीतेचं मन मोडायचं आहे. तो विद्युज्जिव्हाला रामाचं खोटं मस्तक आणि खोटं धनुष्य बनवायला सांगतो. अशोकवनात ते सीतेपुढे ठेवलं जातं. डोळे, केस, चूडामणी, सगळं हुबेहूब. सीता फसते आणि विलाप करते. तेवढ्यात मंत्र्यांचा निरोप येतो, रावणाला सभेत जावं लागतं, आणि तो निघून जाताच ते मस्तक आणि धनुष्य दोन्ही नाहीशी होतात. मग सरमा नावाची राक्षसी येऊन सीतेला खरं सांगते.

वाल्मीकीनं हे सहज सांगून टाकलं आहे. पण मस्तक नाहीसं होण्याची वेळ किती अचूक आहे! दाखवणारा उठून गेला आणि देखावा संपला. नंतर इंद्रजित मायेची सीता करून वानरांच्या डोळ्यांदेखत तिला मारतो, तिथेही हेच तंत्र आहे. रावण वेद जाणणारा, वीणा वाजवणारा, पुष्पक विमानाचा मालक. आणि विमान तरी कुणाचं? भाऊ कुबेराकडून हिसकावलेलं. मराठी कीर्तनांत रावणाच्या विद्वत्तेचं कौतुक नेहमी होतं, आणि त्याच्या पतनाचं खापर परस्त्रीच्या मोहावर फोडलं जातं. विद्युज्जिव्हाच्या प्रसंगाकडे कीर्तनकार क्वचितच थांबतात. खरं तर रावणाचा स्वभाव तिथे जास्त उघडा पडतो. त्याला सीता हवी होती, पण त्याहून जास्त हवी होती ती सीतेची नजर, हरलेली, त्याच्याकडे वळलेली. दहा तोंडं असलेल्या माणसालासुद्धा समोर बघणारं कुणीतरी लागलंच.

आणि विद्युज्जिव्हाचं पुढे काय झालं? सामान्य वाचकाला तेही आठवत नाही. करामत त्याची, बोलबाला रावणाचा. या बाबतीत तो वालचंदनगरच्या कामगाराच्या जवळचा आहे, हे कबूल करायला हवं.

मराठी परंपरेत असा एक सामना आहे ज्यात नाट्यमय प्रतिस्पर्ध्याला हरवण्यासाठी कुणी शस्त्र उचलत नाही. चांगदेवांनी योगबळानं चौदाशे वर्षं आयुष्य मिळवलं, असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतलं. पण वयानं एवढा लहान, ज्ञानानं एवढा मोठा, त्याला ‘चिरंजीव’ लिहावं की ‘तीर्थरूप’, हे ठरेना. शेवटी कागद कोराच पाठवला. इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताई म्हणाली. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या, त्या ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून आजही वाचल्या जातात. पुढे चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन शिष्यांच्या लवाजम्यासह निघाले, आणि भावंडं ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच सामोरी गेली.

भिंत चालली की नाही हा वाद इथे घालायचा नाही. कथा ज्यानं रचली त्याला रंगमंच फार चांगला कळत होता एवढं नक्की. वाघ, साप, शिष्य हा सगळा कॉमिकमधल्या प्रवेशाचा थाट आहे. त्यापुढे ठेवलं काय? चार पोरं आणि मातीची भिंत. वाघ हाकायला ऐट लागते. भिंतीवर बसलेल्याला कसली ऐट आणणार? गंमत अशी की या कथेत चांगदेव मरत नाहीत, पळत नाहीत, तुरुंगातही जात नाहीत. ते शिष्य होतात. त्यांच्या बुद्धीला कुणी नावं ठेवत नाही. फक्त वाघावरून खाली उतरावं लागतं.

पतंजलीनंही सिद्धींबद्दल असंच काहीसं म्हटलं आहे. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात दुसऱ्याच्या शरीरात शिरण्यापासून आकाशात फिरण्यापर्यंतच्या सिद्धींची लांबलचक यादी आहे, आणि मधेच एक थंड पाण्याचा शिंतोडा आहे: समाधीच्या वाटेवर या सगळ्या अडथळा आहेत, बाहेरच्या जगात त्या सिद्धी वाटतात. आजच्या भाषेत सिद्धी हे योग्याचं यंत्रभांडार. मन जर त्या भांडाराच्या प्रदर्शनात गुंतलं तर योगी संपला आणि गारुडी उरला.

पण गारुडी असणं इतकं वाईट आहे का?

आदी शंकराचार्यांचा दाखला इथे गोंधळात टाकतो. ब्रह्मसूत्रभाष्यात ते अशा मायावी माणसाचा दृष्टांत देतात जो ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढताना दिसतो, आणि खरा तो जमिनीवरच उभा असतो. दुसऱ्या ठिकाणी ते म्हणतात की आपण पसरलेल्या मायेचा मायावीला स्वतःला स्पर्श होत नाही, तसा जगाचा परमेश्वराला होत नाही. म्हणजे अद्वैतात गारुडी हा खुद्द ईश्वराचा नमुना झाला. मग मिस्टेरिओनं ईश्वराची नक्कल केली तर तो आसुरी का? मायेनं ईश्वराला डाग लागत नाही आणि क्वेंटिन बेकला लागतो, हे कशावरून? शंकराचार्यांच्या वाक्यातच उत्तर शोधता येतं. त्यांचा गारुडी जमिनीवर उभा आहे. दोरीवरचा आपला पुतळा लोकांना दिसावा म्हणून तो स्वतः दोरीवर चढून बसलेला नाही. मिस्टेरिओचा घोळ असा की काचेच्या गोळ्यातला तो तारणहार म्हणजेच आपण, हे त्याला स्वतःलाच पटत जातं. २०१९च्या ‘स्पायडरमॅन: फार फ्रॉम होम’ या सिनेमात तर हे आणखी ठळक केलं आहे. तिथे त्याच्याजवळ ड्रोनचा ताफा आणि प्रोजेक्टर आहेत, आणि लोकांचं प्रेम मिळवण्यासाठी तो आधी खोटं संकट उभं करतो आणि मग ते स्वतःच निवारतो.

दोरीचा गारुडी मराठीत खरोखर होऊन गेला. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. सिनेमाकडे येण्याआधी आणि नंतरही ते जादूचे प्रयोग करत आणि तेव्हा स्वतःला ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवत. आडनावच उलटं केलेलं. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१७ साली त्यांनी ‘लंकादहन’ काढला. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. मारुती आकाशातून उडाला, लंका पेटली, आणि लोकांनी पडद्यावरच्या देवांना हात जोडले. तांत्रिकदृष्ट्या फाळक्यांनी विद्युज्जिव्हापेक्षा वेगळं काय केलं? खोट्या रामाचं मस्तक तिकडे, खोटा राम इकडे.

त्याच वर्षी फाळक्यांनी आणखी एक लहान चित्रपट केला, ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखवणारा. त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना, फिल्म कापताना दिसतात. प्रोफेसर केळफानं दोरी लोकांना दाखवून टाकली. ज्या प्रेक्षकानं ‘लंकादहन’मध्ये हात जोडले त्यालाच त्यानं सांगितलं, हे मी असं केलं. हात जोडणाऱ्यांनी त्यामुळे हात सोडले का? बहुधा नाही. भक्तीला करामत कळल्यानं फारसा धक्का बसत नाही. धक्का बसतो तो करामतीच्या जोरावर कुणी स्वतःच देव होऊ पाहतो तेव्हा.

बारामती कळंबपासून फार लांब नाही. अठराव्या शतकात तिथे मोरोपंत पराडकर राहत होते. शब्दांची इतकी यंत्रं मराठीत दुसऱ्या कुणी क्वचितच केली असतील. त्यांनी शंभरावर रामायणं रचली. त्यांत ओठ न मिटता म्हणता येईल असं ‘निरोष्ठ रामायण’ आहे, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्जित. आता रामाचं नाव ज्यात उच्चारता येत नाही असं रामायण! टीकाकारांनी या कसरतींना नंतर बरंच झोडपलं, आणि सगळं झोडपणं अन्यायाचं होतं असंही नाही. हा दंभ म्हणायचा का? थोडा असेल. नावातच मोर असलेल्या कवीनं पिसारा फुलवला तर नवल कसलं. पण त्याच मोरोपंतांनी उतारवयात ‘केकावली’ लिहिली. केका म्हणजे मोराची हाक, आर्त आणि काहीशी कर्कश. पिसारा मिटून देवाला घातलेली हाक. शब्दकळा तीच, वृत्तावरची पकड तीच. फक्त समोर रसिकमंडळी नाहीत, देव आहे.

देवासमोर असण्याचा हा मुद्दा खलनायकालाही लागू पडतो, आणि तिथे भागवत पुराण धक्का देतं. सातव्या स्कंधात युधिष्ठिर नारदाला विचारतो की आयुष्यभर कृष्णाला शिव्या घालणारा शिशुपाल कृष्णातच विलीन कसा झाला? नारदाचं उत्तर असं की वैरानं, भीतीनं, प्रेमानं, कशानंही मन त्याच्यात गुंतलं तरी माणूस तरतो. मराठी कीर्तनात याला विरोधभक्ती म्हणतात. रावण, हिरण्यकशिपू, कंस हे सगळे या दारानं आत गेले.

मग कॉमिकमधल्या खलनायकांपैकी कुणाला हे दार उघडेल? बॅटमॅनच्या गोष्टींतला रिडलर हा एक दावेदार आहे. १९४८ सालच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या १४०व्या अंकात बिल फिंगर आणि डिक स्प्रँग यांनी त्याला आणलं. प्रत्येक गुन्ह्यापूर्वी बॅटमॅनला कोडं पाठवल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. त्या कोड्यामुळेच तो पकडला जातो, हे त्यालाही ठाऊक असतं. त्याचं सगळं आयुष्य त्या एका माणसाच्या उत्तराकडे लागलेलं आहे. नारदाच्या न्यायानं रिडलर तरायला हरकत नाही. मिस्टेरिओचं तसं नाही. त्याचं लक्ष स्पायडरमॅनवर नसतंच, ते गर्दीवर असतं. नायक त्याला फक्त मंचावरच्या सामानासारखा लागतो. शिशुपाल कृष्णाकडे बघत होता. मिस्टेरिओ आपल्याकडे कोण कोण बघतंय ते बघतो. विरोधभक्तीला निदान एका दिशेला नजर लागते.

मराठी पडद्यावरही अशी पात्रं आहेत, आणि ती सगळी जवळजवळ एकाच दिग्दर्शकाच्या कारखान्यातली. महेश कोठारे यांनी १९८९च्या ‘थरथराट’मध्ये टकलू हैवान आणला, १९९०च्या ‘धडाकेबाज’मध्ये कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ, आणि १९९३च्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू. तोवर ग्रामीण मराठी सिनेमाचा खलनायक म्हणजे निळू फुले. ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील मुखवटा घालत नाही. साखर कारखाना, सोसायटी, पोलीस, सगळं त्याचंच असताना त्याला धूर कशाला सोडावा लागेल? उसाच्या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला हिंदुराव परका वाटला नाही, आणि कवट्या महाकाळाला पोरांनी टाळ्या दिल्या. ज्याच्या हातात खरी सत्ता असते तो नाटकी नसतो, हा त्यातून निघणारा एक निष्कर्ष. नाटक करावं लागतं ते सत्ता नसलेल्याला. पण तो पूर्ण खरा नाही. रावणाच्या हातात काय कमी होतं?

तात्या विंचूचं प्रकरण धर्माच्या अंगानं सगळ्यांत मजेदार आहे. मरताना तो मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. परकायाप्रवेश! शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात शिरल्याची कथा शांकरदिग्विजयात आहे, पतंजलीच्या यादीत ही सिद्धी आहे, आणि नव्वदच्या दशकात ती एका गुंडाच्या हाती लागली. मंत्र इथे साधनेचा राहिलेला नाही, किल्ली दिली की चालणारं उपकरण झाला आहे. सगळी थट्टा या गोष्टीवर उभी आहे, आणि चित्रपटाला ते कळत होतं की नाही कोण जाणे. भीती मात्र खरी बसली, कारण बाहुल्यामागे रामदास पाध्ये होते. बोलक्या बाहुल्यांच्या प्रयोगात ओठ हलू न देणं ही कलावंताची दोरी. ती सगळ्यांना माहीत असते. पाध्ये मंचावर शेजारीच बसलेले असतात, बाहुलाच बोलतो असा त्यांचा दावाही नसतो, आणि तरी प्रेक्षक बाहुल्याशीच बोलतो.

असा दावा जिथे होतो तिथे कथा संपते आणि पोलीस ठाणं सुरू होतं. नारळातून आग निघते, विभूती हातात प्रकटते, पाण्यावर दिवा जळतो. नारळाच्या शेंडीत सोडियमचा तुकडा असतो, दिव्यात कॅल्शियम कार्बाइड, आणि हवन पेटतं ते पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडल्यानं. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळणाऱ्या या वस्तूंवर बुवाबाजीची दुकानं चाललेली आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हेच चमत्कार करून दाखवत आले आहेत. कार्यकर्ता आधी बाबासारखा बसतो, नारळ पेटवतो, लोक हात जोडतात, आणि मग तो शेंडी उलगडून आतलं रसायन दाखवतो. प्रोफेसर केळफाचाच हा वारसा. समितीचे नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. दोरी दाखवणाऱ्याला मारावंसं वाटलं, यावरून दोरीची किंमत कळते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. धर्म म्हणजे तरी काय, सगळा देखावाच ना? आरती, पालखी, चौघडे, भरजरी पोशाख. कळंबच्याच परिसरात, बेलवाडीत, तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. हजारो लोक कडं करून उभे राहतात, आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या बाया, मग विणेकरी, शेवटी अश्व. याहून मोठं नाटक पंचक्रोशीत होत नसेल. पण त्या रिंगणात दोन घोडे असतात आणि त्यांतल्या एकावर कुणीच बसलेलं नसतं. तो देवाचा अश्व. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. घोड्याची पाठ रिकामी आहे हे सगळ्यांना दिसतं. मिस्टेरिओला नेमकी हीच जागा रिकामी ठेवता आली नसती.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत इंदापूर-बारामतीच्या गावांत बहुरूपी यायचा. खाकी कपडे, शिट्टी, हातात वही. दारात उभा राहून घरमालकावर नाही नाही ते आरोप ठेवायचा, वॉरंट आहे म्हणायचा, लग्नाला चला म्हणून घाई करायचा. लहान पोरं आईच्या मागे लपायची. मग तो हसायचा आणि बिदागी मागायचा. एकनाथांनी आपल्या भारुडांत ज्या लोकभूमिका घेतल्या त्यांत बहुरूपीही आहे. सोंगाचा शेवट सोंग उतरवण्यानं व्हायचा, नाहीतर धान्य कोण घालणार?

आता सोंगातला पोलीस व्हिडिओ कॉलवर येतो. अंगात गणवेश, मागे बोधचिन्ह, टेबलावर फायली. या फसवणुकीला लोक ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. कायद्यात अशी कुठली अटक नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मधून सांगावं लागलं. त्याच वर्षी लुधियानाच्या एका नामवंत उद्योगपतीसाठी तर सर्वोच्च न्यायालयाची सुनावणीच ऑनलाइन रचली गेली, सरन्यायाधीशांच्या तोतयासह, आणि सात कोटी रुपये उकळले गेले. इथे बुद्धी आहे, यंत्र आहे, नेपथ्य आहे. कॉमिकच्या खलनायकाला लागणारं सगळं आहे, एक बढाई सोडून. हा माणूस काम झाल्यावर कॉल बंद करतो. गीतेच्या यादीत याला कुठे बसवायचं हे सोपं नाही. त्याला कुणाची दाद नको, फक्त पैसे हवेत. मिस्टेरिओला टेपरेकॉर्डरनं पकडता आलं, याला त्याच्या गर्वानं पकडता येणार नाही.

आणि खलनायकाशिवायही हा खेळ होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या बाजारात पाच जण उतरले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून आधीच पोहोचल्या होत्या. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्या अफवेमागे काचेचा गोळा घातलेला कुणी उभा नव्हता. ज्याची त्याची बोटं ती पुढे सरकवत होती. मारहाण चालू असताना काही जण मोबाइल वर धरून चित्रण करत होते, आणि ते चित्रण संध्याकाळपर्यंत पुढच्या गावांत पोहोचलं होतं.